सात नंबरची फळी

माझ्या दुकानाच्या फळ्यांना नंबर आहेत, एक ते अकरा.
रात्री ओळीने लावायच्या, सकाळी ओळीने काढायच्या.
त्या रात्री सहा लावून झाल्या होत्या,
सातवी हातात होती,
तेव्हा खाली वळणावर आवाज झाला.

इम्तियाज दलवाईची एम-एटी. खडीचा डंपर.
रस्ताभर बांगडे, अजून ओले,
डंपरच्या दिव्यात चमकत पडलेले.

एकशे आठची गाडी खाडीपलीकडे,
वळसा घालून यायला सव्वा तास.
"मान हलवू नका," फोनवरची मुलगी म्हणाली,
"खाली काहीतरी सपाट सरकवा."
सपाट ते माझ्या हातातच होतं.

डोक्याच्या दोन्ही अंगांना साखरेच्या पुड्या लावल्या,
किलोकिलोच्या,
आणि चौघांनी उचलला.

शेवटची फेरीबोट सुटून गेली होती.
जेट्टीवर नुसती बॅटरी हलवत राहिलो.
बाळकृष्ण तांडेलाने ती अर्ध्या खाडीतून फिरवली,
पोटात भरलेल्या गाड्या, माणसांसकट.
कोणी हॉर्न वाजवला नाही.

पुढे अकरा रात्री सहा आणि आठच्या मधे
मी गोणपाट टांगला.
त्यातून कुत्रं आत येऊन निजायचं.

मग फळी आली, रत्नागिरीहून, एसटीच्या टपावरून.
कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलेलं.
पाठीमागे पेनाने लिहिलं होतं:
मान शाबूत. साखरेचे पैसे देणं आहे.

वळणावर आरसा बसवायचा ठराव झालाय.
आरसा नाही.

सातवी हल्ली मी शेवटी लावतो, अकराच्या जागी.
जरा घासते.
पण चटकन निघते.