हातमोज्यांसकट

औलूच्या त्या दुकानात मी दुसऱ्या काउंटरवर असायचे,
बॅटऱ्या आणि केबलींच्या शेजारी.
जानेवारीत दिवस तीनलाच आटपायचा
आणि गिऱ्हाइकं थंडी अंगावर घेऊनच आत यायची,
चष्मे पुसत, चाचपडत.

ताउनो पुदास बर्फ उपसायचा ट्रक चालवायचा,
रात्री दहा ते सहा, विमानतळापासून बंदरापर्यंत.
त्यानं गिगाबाइट विचारले नाहीत.
रंगही विचारला नाही.
हातमोजा न काढताच
त्या अस्वली अंगठ्यानं एकेक प्लेअर दाबून पाहिला.

जो सगळ्यांत देखणा, नुसतं बोट फिरवलं की चालणारा,
तो त्याला ओळखच देईना.
‘हा उघड्या हातांच्या माणसांसाठी आहे,’ तो म्हणाला
आणि बाजूला ठेवला, हळूच, रागानं नव्हे.
शेवटी उरला एक करडा ठोकळा,
गेल्या वर्षीचा, कुणीच न नेलेला,
पाच बटणं, पावट्याएवढी.

‘उणे पंचवीसला चालेल?’
‘खिशात ठेवलात तर.’
‘कुठल्या खिशात?’
‘आतल्या.’
सोयरिकीची अट मान्य करावी
तशी त्यानं मान हलवली.

पंधरा दिवसांनी तो परत आला.
पिशवीत टँगोच्या तबकड्या, सगळ्या विकतच्या;
पावत्यासुद्धा होत्या, रबर लावलेल्या.
त्यातली एक संगणकात घातली की घरघरायची
आणि मग गप्प, रुसलेल्या जावयासारखी.
मी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली:
या तबकडीची नक्कल करता येणार नाही.
‘नक्कल कुणाला हवीय?
मला ती ट्रकमध्ये हवीय.’

चोर सोडून संन्याशाला फाशी.
बसस्टॉपवरच्या पोरांच्या कानात
तीच गाणी फुकटात कधीची वाजत होती.

कंपनीनं आम्हाला एक कागद दिला होता,
अशा वेळी काय बोलायचं त्याचा.
मी अर्धाच वाचला.
मग ड्रॉवरमधलं काळं मार्कर त्याच्यासमोर ठेवलं.
‘अगदी कडेला. जिथं चमक बदलते तिथं.
एकच रेघ, गोल.’
आणि लगेच, ‘मी काही बोलले नाही.’
‘मी काही ऐकलं नाही,’ ताउनो म्हणाला,
आणि मार्करचे एक युरो वीस सेंट
मोजून ठेवले, हातमोज्यातच, कसेबसे.

पण एक दुखणं मार्करपलीकडचं होतं.
हिल्कानं, म्हणजे त्याच्या बायकोनं,
नेटवरून एकवीस गाणी घेतली होती, पैसे भरून.
संगणकाची डिस्क गेली, नवी बसवली.
फायली जपून ठेवलेल्या, त्या होत्या.
परवाना नव्हता.
गाणं पडद्यावर दिसत होतं, नावासकट, लांबीसकट,
तीन मिनिटं चौदा सेकंद,
आणि दाबलं की विचारायचं: आपण कोण?

‘त्यातलं एक तरी तबकडीवर मिळेल का?’
नाव आठवेना. हिल्काला विचारा, मी म्हणाले.
तो जरा थांबला. ‘ती बहिणीकडे गेलीय,’ म्हणाला,
‘वासापर्यंत. किती दिवस, ते बोललो नाही.’
मग तिथंच, प्रिंटरच्या शाईच्या खोक्यांपुढं,
एवढा अगडबंब माणूस गुणगुणायला लागला.
दुसऱ्या ओळीत सूर वर जायचा तिथं तो खाली उतरला,
धाप लागली म्हणून, किंवा तसंच आठवत होतं म्हणून.

ते गाणं मला सापडलं नाही.
तो गेला. वसंतात बर्फ वितळलं, नंतर मीही दुकान सोडलं.

खूप वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात
बँडनं ते वाजवलं आणि मी ओळखलं.
दुसऱ्या ओळीत सूर वर गेला.
मला वाटलं, चुकले हे.