शेवटचं रीळ

प्रिंट एकच, थिएटरं दोन :
ठाण्यात नऊचा खेळ, कळव्यात साडेनऊचा.
मधे खाडीचा पूल, आणि सायकलवर मी.

कॅरिअरला सुतळीने बांधलेल्या डब्यात
विलायती रक्तपिपासूचं मरण.
ठाण्यात त्याची नुकतीच राख झालेली,
कळव्यात तो अजून जिवंत.

पुलावर चेन पडली.
मिठागरांवरून धुकं चढत होतं
थेट सिनेमातल्यासारखं,
फक्त त्याला सुकटीचा वास.

तिकडे तो घोडेस्वार, गुडघ्यापर्यंत बूट,
झुंबराला लटकून उडी मारलेला,
आणि नेमके दिवे लागलेले.
मी अंधारात दात्यावर चेन चढवत म्हटलं,
सरदारा, दम धर,
तुझी तलवार माझ्याकडे आहे.

"मेल्या, होतास कुठे?"
ऑपरेटर गुंजाळांनी डबा हिसकावला.
"खुर्च्या फाडतायत खाली!"

बूथच्या भोकातून पाहिलं :
एक वार, दुसरा, मग नुसती राख,
आणि शिट्ट्या.
माझे हात ग्रीसने काळे.

परतताना डबा तेवढाच जड.
उद्या नऊला तो पुन्हा उठणार होता.
पुलावर मी, उगाचच,
दोनदा मागे वळून
सुतळीची गाठ बघितली.