मापाचा चमचा

गोखणकर डॉक्टरबाई म्हणाल्या,
सहा आठवडे तरी द्या.
गुडघा काही लगेच ऐकत नाही.

तेव्हापासून राबोडीच्या गल्लीत
अजानच्या आधी डबा उघडतो.
पांढरी भुकटी, मापाचा एक चमचा,
भिजवलेला कोंडा, जवस,
आणि लाच म्हणून गुळाचा खडा.
चिमणी आधी खडा शोधते,
बाकीचं माझ्याकडे बघत, नाइलाजाने.

एकोणीस वर्षांची.
घोडबंदरच्या लॉनवर किती नवरदेव वाहिले,
तापल्या डांबरावर, फटाक्यांत;
एकालाही पाडलं नाही.
(एकाला पाडायला हवं होतं,
असं त्याची बायकोच नंतर म्हणाली.)

यंदा सुपाऱ्या घेतल्या नाहीत.
हिशेबाच्या वहीत अब्बा एवढंच लिहितात :
आज उठताना भिंतीला टेकली.
आज टेकली, पण कमी.

त्यांच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या गोळ्या
फळीवर तशाच.
विचारलं तर म्हणतात,
मला कुठे कुणाला पाठीवर घ्यायचंय?

एकेचाळिसाव्या दिवशी
चिमणी एका दमात उठली,
भिंतीकडे न बघता.
अब्बाही घाईने उठायला गेले
आणि त्यांनी
माझा खांदा धरला.