पंधरा अक्षरं

येऊरच्या फाटकाशी वनखात्याच्या पाटीवर
शिक्रा मीच काढलाय. सोळा वर्षं झाली.
पाठ पारव्याच्या राखेची, छातीवर विटकरी आडव्या रेघा,
गळ्याखाली मधोमध एक उभी, पुसट.
ती जाड झाली की बेसरा होतो,
असं तेव्हाच्या साहेबांनी तीनदा बजावलं होतं.
एका केसाच्या ब्रशने काढली. श्वास धरून.

परवा निशिगंधा वैती आली, चेंदणी कोळीवाड्यातली.
आई माशाचा कल्ला उघडून वार सांगते,
ही पोरगी पिसावरून पाखरू सांगते.
हातात कागद.
काका, चित्र राहू द्या. खालचं नाव तेवढं बदलायचं.

का, पक्षी बदलला?

नाही हो. रक्त तपासलं.
इतकी वर्षं एका घरातले म्हणून ज्यांना धरलं
ते सगळे सख्खे नव्हते.
याचं घर दुसरंच निघालं.

त्यांच्यात आडनाव आधी, हजेरीपटासारखं.
ॲक्सिपिटर गेलं, टॅकीस्पायझा आलं.
आणि नवं घर पडलं स्त्रीलिंगी,
म्हणून मागच्या बेडियसचं बेडिया.

म्हणजे तो आता ती?

नुसतं व्याकरण, काका.

व्याकरण वर ऐनाच्या फांदीवर बसलं होतं.
पिवळ्या डोळ्याचं. म्हणजे मादीच.
नरापेक्षा अंगाने थोराड,
एका पायाखाली सरडा, अर्धा.
आमच्या बोलण्याकडे तिने एकदा मान वळवली
आणि पुन्हा सरड्याकडे.

मी अक्षरावर पैसे घेतो. बोटांनी मोजलं.
जुनं नऊ आणि सहा, नवं दहा आणि पाच.
पंधराचे पंधराच.
फ्लेक्स आल्यापासून असा चोख हिशोब
कुठे लागलेला आठवत नाही.

पॉलिश पेपर मारला. टर्पेंटाइनचा बोळा.
इनॅमल जातं, पण त्याचा उंचवटा राहतो,
बोटाला कळतो. आंधळ्याने वाचावं तसं
मी जुनं नाव एकदा वाचून घेतलं.

पाटोणापाड्याची लाखी करवंदांची पाटी घेऊन
सावलीला टेकली होती.
म्हणाली, नाव कशाला एवढं?
त्याला कोण हाक मारतंय?

तेवढ्यात फांदी रिकामी झाली
आणि अख्ख्या झाडाने हाक मारली.
बुलबुल, खार, सातभाईंची टोळी,
ज्याला जो आवाज होता त्या आवाजात.
लाखी काही बोलली नाही. एक करवंद तोंडात टाकलं.

नवं नाव पांढऱ्यात लिहिलं, कडेला बारीक काळी सावली.
वाय जरा जास्तच खाली गेला. गेला तर गेला.

लिहिताना उगाच आठवलं,
लग्नात तांदळाच्या ताटात नाव मीच लिहिलं होतं, अंगठीने.
भटजी म्हणाले, वा, काय अक्षर!
कुंदाची वैजयंती केली मी.
दोन मात्रा, वर टिंब, शेवटी ऐटीत वेलांटी,
हात दाखवायला भरपूर जागा, म्हणून.
तिला विचारल्याचं आठवत नाही.
पेणहून बहिणीचा फोन आला की
पलीकडून कुंदे ऐकू येतं,
आणि ही पाय पोटाशी घेऊन बसते,
एरवी कधी बसत नाही तशी.

बिल केलं. गुणिले पंधरा.
निशिगंधाने पाटीचा फोटो काढला,
म्हणाली, दुपार कलली की उन्हात
खालचं जुनं दिसतंय अजून.
म्हटलं, दिसणारच.
दुसरा हात मारू का?
ती थोडा वेळ पाहत राहिली.
नको म्हणाली.

घरी आलो तेव्हा ती मेथी निवडत होती.
चपला काढता काढता म्हटलं, कुंदा.
काड्या मोडण्याचा आवाज चालूच राहिला.
मग थांबला.
मान वर न करता म्हणाली,
कोणाला हाक मारताय?