अवधाण

डाव्या दंडाला सुई घेतलेली रहिमतबी मणियार
पाचव्या दिवशी पुन्हा आली, बोरीच्या उपकेंद्रात.
डोईवर बांगड्यांची पाटी नव्हती.
"सिस्टर, काखंत गाठ आली वो."
आवाज इतका खालचा, की कूलरच्या घरघरीत
मला तो दोनदा विचारावा लागला.
तिच्या बहिणीलाही गाठच आली होती.
बहीण घाटीच्या दवाखान्यात गेली, ती गेलीच.

पडद्यामागं बोटं फिरवून बघितली.
बोराएवढी. दुखरी. दाबली की सरकणारी.
म्हटलं, अवधान आहे.

आमच्याकडं ण जिभेवर टिकत नाही.
पाण्याचं पानी होतं, लोण्याचं लोनी,
मास्तरांनी कान पिळपिळून काही फरक पडला नाही.
पण या एका शब्दात चूक करायला जागाच नाही:
अवधाण म्हणा, काखेत सुजलेलं,
अवधान म्हणा,
आत कुणीतरी कान टवकारून बसलेलं.

"मंजे ते न्हाई?"
ते नाही.
तेव्हा कुठं ती बाकावर टेकली.

आता हिला काय सांगावं?
जिंतूरच्या ट्रेनिंगला पडद्यावर नुसते रंगीत गोळे होते
आणि बाण, बाणांना बाण.
मी हात पुढं केला. माझं माप सांग.
तिनं न बघता अंगठ्याखालचं हाड दाबलं.
"सव्वादोन. बाळंतपणात अडीच झाल्तं."
माझ्या मुलीचं बारावं वर्ष चालू होतं.

मग सोपं झालं.
तुझ्या काखेत सध्या बाजार भरलाय, म्हटलं.
सुईनं एक मनगट आणून ठेवलंय,
नुसतं मनगट. त्याच्यामागं चोर नाही.
हजार मणियारणी त्यावर बांगडी चढवून बघतायत.
नाही बसली, फुटली.
जराशी बसली, तर तिला पुन्हा तापवायचं,
किंचित वाकवायचं, पुन्हा चढवायचं.
"काच लई जात असंल."
काच जाते, गर्दी वाढते. सूज त्या गर्दीची.

काही आठवड्यांनी बाजार उठतो. गाठ बसते.
बहुतेक मणियारणी मरून जातात
(इथं मी अडखळले. त्या वैशाखात
हे क्रियापद गावात कुणी मोठ्यानं वापरत नव्हतं),
थोड्या हाडात शिरतात, पार मज्जेत,
आणि तिथं बसून तेच एक माप घडवत राहतात.
काही रिकाम्या हातानं हिंडतात गल्लोगल्ली,
माप तेवढं बोटांत ठेवून.
पदर नाही, दोरा नाही,
तरी अंगानं बांधलेली ही खूणगाठ.

"आन् त्यानं मनगट बदललं तर?"
हे ट्रेनिंगमध्ये कुणी विचारलं नव्हतं.
बदलतो, म्हटलं. हलकटच आहे तो.
"मंग?"
मग तूच सांग.
ती पहिल्यांदा हसली. पानानं रंगलेले दात.
"हात येगळा आसला तरी कुठं दाबायचं
ते बोटाला कळतंय. येखांदी फुटंल.
जरा रगत निगंल. पर भरल्याबिगर
म्या कुनाला उठू देत न्हाई."

दुसरा डोस चुकवू नको, एवढंच मग सांगायचं उरलं.
आठवणसुद्धा फिकी पडते, पुन्हा उजळावी लागते.

दारातून ती मागं वळली.
"बहिनीच्या गाठीत हे अवधान नव्हतं का, बाई?"

मी लगेच बोलले नाही.
बाहेर लिंबाखाली नंबर लावून बसलेली माणसं
माझ्याकडं बघत होती.
ती गाठ घरचीच होती, म्हटलं शेवटी.
घरच्या हाताचं माप कोण घेतं?
तिनं मान हलवली.
पटलं म्हणून, की ऊन चढत होतं म्हणून,
मला कळलं नाही.

सुईनंतर काय त्रास झाला, त्या रकान्यात
मी लिहिलं: अवधाण.
ण खोडून न केला.
मग न वर पुन्हा ण गिरवला,
आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.