पोटखराबा

भूगोल विभागाची सामाईक जागा एकच: झेड ड्राइव्ह.
ती राहते जिन्याखालच्या खोलीत,
एसीच्या गळक्या नळीपासून हातभर लांब.
नळीखाली बादली. भरण्याआधी मी ओतते.
माझ्या नेमणूकपत्रात बादलीचा उल्लेख नाही.

मार्चअखेर. अठ्ठ्याण्णव टक्के.
रणपिसे सरांची चिठ्ठी आली:
दोन हजार पंधराच्या आधी जे गेले
त्यांचे फोल्डर काढून टाकावेत.
गेले म्हणजे पास होऊन, सोडून, की तसे,
ते चिठ्ठीत नव्हतं.

वडील वेल्ह्याला तलाठी होते.
सातबाऱ्यावर 'सामाईक' लिहिताना त्यांचा हात आखडायचा.
सामाईक म्हटलं की बांध दरसाल वीतभर सरकतो, म्हणायचे,
आणि सरकवणारा कधी सापडत नाही.

इथंही तेच.
भूरूपशास्त्रात कुणाच्या तरी मुंजीचे फोटो.
नॅकचा अहवाल सहा ठिकाणी, सहाही फायनल,
त्यातला एक 'फायनल सरांनी पाहिलेला',
एक 'सरांनी न पाहिलेला हाच पाठवा'.
इंद्रायणीच्या गाळाचे तक्ते.
उपग्रहातून पुणे, एकोणीसशे ब्याण्णव,
हिंजवडी नुसती शेतं.
आणि 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर', त्यात
काही नाही.
पोटखराबा, वडील म्हणाले असते.
क्षेत्रात धरायचा, पिकात नाही.

सकाळी लवकर येऊन काढत गेले.
तुमची खात्री आहे का, दर वेळी विचारतं ते.
घरी मला इतकं कुणी विचारत नाही.

मग 'शमीम बागवान'.
पीएचडी अर्ध्यात टाकून गेली, दोन हजार अकराला.
कोल्हापूरला, की कुवेतला. दोन्ही ऐकलंय.
डिलीट म्हटलं, तर उत्तर आलं:
ही फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे.

पावणेनऊ वाजलेले.
इमारतीत मी, बादली,
आणि दुसरं कुणीतरी.

वर प्रयोगशाळेत, चार नंबरच्या मशीनवर
लांडगे मामा. चष्मा कपाळावर, एका बोटानं टायपिंग.
नुकतेच गच्चीवरचं पर्जन्यमापक बघून उतरलेले,
पँटीला गुडघ्यावर चुना.
"मॅडम म्हणाल्या होत्या, मी येईस्तोवर लिहा."
पासवर्ड तिचाच. माउसखाली चिकटवलेला,
तिच्या अक्षरात.

पाच हजारांवर ओळी.
मी खाली खाली जात राहिले.
फेब्रुवारी, शून्य. मार्च, शून्य, शून्य,
एका तारखेला शून्य पॉइंट दोन, शेजारी 'दव असेल'.
"मामा, उन्हाळ्यात कशाला रोज जिना चढता?"
"कोरं सोडलं तर बघणाऱ्याला वाटेल
कुणी बघितलंच नाही.
शून्य म्हणजे बघून आलोय."

खाली आले. स्वतःचा फोल्डर उघडला.
भाचीचं डोहाळेजेवण, एकशे चाळीस फोटो.
विजेची बिलं. पाककृती, एकही न केलेली.
एक राजीनामा, तीन मसुदे,
तिन्ही फायनल.
खात्री आहे का?
फोटो पेन ड्राइव्हवर घेतले. बाकीच्याला हो म्हटलं.

शमीमच्या फोल्डरला हात लावला नाही.
नाव 'पर्जन्य' करावं असं मनात आलं होतं,
पण मामांच्या स्क्रीनवरची वाट तुटली असती,
आणि ती वाट तेवढी एकच त्यांना येते.

सरांना कळवलं: सत्त्याण्णव.
सर म्हणाले, अजून काढा.

गुरुवारी दिवसभर लाईट नव्हती.
बादली कोरडी राहिली.
शुक्रवारी पावणेनऊला
फाइलमध्ये दोन ओळी आल्या,
दोन तारखा, आणि त्यांच्यापुढे

०.०
०.०