नऊशे एकावा हात

रियेकाच्या बंदरात, टपाल-जकातीच्या खिडकीवर
माझं काम एवढंच :
खोकं फोडायचं, आत निघेल ते रकान्यात बसवायचं.
खेळणी. कलावस्तू. इतर.
खेळण्याला एक दर, कलेला दुसरा,
आणि 'इतर' लिहिलं की झोर्काबाई चष्म्यावरून बघतात.

तिहोमीर ब्लेचिच, वय त्रेपन्न, क्रेनवाला.
बुरा वारा सुटला की क्रेन थांबतात, ओव्हरटाइम बुडतो,
तरी वर्षाकाठी एक खोकं येतंच त्याच्या नावाचं,
कमरेइतकं उंच, सहाही बाजूंना 'जपून'.
या खेपेला मीठदिव्याची राखणदारीण.
कुठल्याशा व्हिडिओ गेममधली. नऊशेच घडवल्या,
त्यातली ही सहाशे बारावी.
तळाशी आकडा कोरलेला, सोबत प्रमाणपत्र,
माझ्या लग्नाच्या दाखल्यापेक्षा जाड कागदावर.

"खेळणं का?" मी विचारलं.
"खेळून झालंय," तो म्हणाला. "आता नुसती बघायची."
याला रकाना नाही.

थर्मोकोलचं झाकण निघालं, रंगाचा वास आला,
आणि दोघांनाही एकदमच दिसलं :
कंदिलाचा हात मनगटापासून गेलेला,
बोटांचा चुरा पिशवीच्या तळाशी.
मी तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला.
माणसं इथे टेबलावर मुठी आपटतात, मला सवय आहे.
तो वाकून बघत राहिला,
क्रेनच्या काचेतून खाली बघतात तसा.
"हात तिचा जातोच," म्हणाला, "पण शेवटच्या रात्री,
दीपस्तंभाच्या जिन्यावर.
मला तिथवर पोचायला दोन हिवाळे लागले होते.
ही जरा लवकर आली."

सात आठवड्यांनी एक छोटं पाकीट.
'बदली भाग. किंमत शून्य.'
शून्य किमतीचंही फोडून बघावं लागतं.
टिश्यूच्या घडीत एक हात,
माझ्या अंगठ्याएवढा, कंदिलासकट.
नखांत मळ होता.
पुसायला गेले, निघेना. रंगवलेला होता.
कुणीतरी, कुठल्यातरी लांबच्या शेडमध्ये, बारीक कुंचल्याने
पाच नखांखाली मळ भरला होता,
बहुतेक जेवणाच्या सुट्टीआधी, बहुतेक मान अवघडलेली असताना,
नऊशे वेळा.
आणि हिशेब पुरा झाल्यावर, हे निघालं म्हणून,
आणखी एकदा.
त्या दुपारी मी माझी नखं बघितली. शाई.

तिहोमीर आला नाही.
दोन चिठ्ठ्या पाठवल्या, मग फोन केला.
मागे वारा घोंघावत होता, केबिनमध्ये असावा.
"मित्र म्हणतो हात बसव, नाहीतर निम्म्यालाही कुणी घेणार नाही.
पण मला विकायची कुठे आहे?
आणि नवा हात बसवला, तर ती सहाशे बारावीच राहते का?
तुम्ही सांगा, तुम्ही कागदांतल्या."
मला सांगता आलं नाही.
"राहू दे," म्हणाला. "तिला तशी सवय झालीये.
मलाही."

तीस दिवसांत न नेलेला माल नष्ट करायचा, असा नियम.
लिलावातही काढता येत नाही;
शून्यावर बोली कुठून सुरू करणार?
एकतिसाव्या दिवशी मी नोंदवही उघडली,
'इतर'खाली लिहिलं : हात.
'विल्हेवाट लावली'पुढे सही केली.
झोर्काबाईंनी चष्म्यावरून बघितलं,
जरा जास्तच वेळ बघितलं,
आणि शिक्का मारला.

माझ्या खणात आता जुने शिक्के, स्टेपलरच्या पिना, घशाच्या गोळ्या,
आणि त्यांच्यात आडवा तो.
खण जोरात ओढला की कंदील पिनांवर आपटतो.

हल्ली हळू ओढते.